ढवळ्याच्या कातडीखाली

ढवळ्याचा जबडा रुंद व्हायला लागला, पंजे मोठे दिसायला लागले, तेव्हा जयसिंगराव भोईटे खूश झाले. "बोक्याचा वाघ होतोय," असं ते साताऱ्यातल्या आपल्या घरी येईल त्याला कौतुकानं सांगायचे. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, वेगवेगळ्या धरणांवर गेली होती. निवृत्त होऊन घरी आले त्याच वर्षी हा पांढराशुभ्र बोका कुंपणावरून अंगणात उतरला आणि राहिला. नाव त्यांनीच ठेवलं, बैलाला ठेवतात तसं. त्यांच्या पत्नीला, प्रमिलाताईंना, ते नाव पटलं नव्हतं. खरं तर बोकाही पटला नव्हता. नवरा धरणावर आणि आपण घरात एकट्या, असं आयुष्य काढल्यावर आता दोघं मिळून कुठं कुठं जाऊ, असं त्यांच्या मनात होतं.

पण ढवळ्या वाघ होत नव्हता, आजारी पडत होता. तो सारखा पाणी प्यायला लागला. कितीही खायला घातलं तरी भुकेलाच राहायचा. डॉ. नाझनीन मुजावर यांनी रक्त तपासलं आणि मधुमेह निघाला. पुढच्या तपासणीत मूत्रपिंडं थकलेली निघाली. इन्सुलिनचं प्रमाण वाढवत नेलं तरी साखर हलेना, तेव्हा डोक्याचं स्कॅन केलं आणि खरं कारण कळलं.

"काका, याच्या मेंदूच्या बुडाशी पीयूषिका नावाची इवलीशी ग्रंथी असते," डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. "तिथं ही गाठ आहे. ती वाढीचं संप्रेरक सोडतेय. जबडा त्यानंच रुंद झालाय."

जयसिंगराव पडद्याकडून ढवळ्याकडं वळले. त्यांनी ढवळ्याच्या गालावरून हात फिरवला.

डॉक्टरांनी पुढं समजावून सांगितलं. रक्तातली साखर शरीराच्या पेशींमध्ये शिरायला इन्सुलिन लागतं. हे वाढीचं संप्रेरक इन्सुलिनला काम करू देत नाही. आणि ते एकसारखं येत नाही, लाटेलाटेनं येतं. लाट असली की कितीही इन्सुलिन टोचा, उपयोग नाही. लाट ओसरली की तेवढंच इन्सुलिन जीव घेऊ शकतं. त्यात, शरीरातलं इन्सुलिन निपटून टाकायचं बरंचसं काम मूत्रपिंडांचं. ती थकल्यामुळं इन्सुलिन अंगात रेंगाळणार.

"म्हणजे पाऊस किती पडणार ते कळायच्या आधीच दरवाजे किती उघडायचे ते ठरवायचं," जयसिंगराव म्हणाले.

"हो. आणि खालचा कालवा तुंबलेला."

"असं धरण मला कुणी दिलं नाही कधी," असं म्हणून त्यांनी इंजेक्शनांची पिशवी उचलली.

तेव्हापासून त्या घराला सकाळ आणि संध्याकाळ अशा दोनच वेळा राहिल्या. जयसिंगराव ढवळ्याच्या कानावरून रक्ताचा थेंब घेत, साखर बघत, त्याला खायला घालत, आणि मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई टोचत. ढवळ्या तेवढा वेळ ताटलीत तोंड घालून असायचा. लग्नकार्याला दोघांपैकी एकच जण जायचं. नागपूरला बँकेत असलेल्या मुलीकडं, केतकीकडं, दोघं मिळून कधी गेलेच नाहीत. "एका मांजरापायी," प्रमिलाताई म्हणायच्या. जयसिंगराव ऐकून घ्यायचे आणि सुई हातात घ्यायच्या आधी हात मात्र दोनदा धुवायचे.

एकदा ते नात्यातल्या साखरपुड्याला कोरेगावला गेले असताना संध्याकाळचं इंजेक्शन प्रमिलाताईंवर आलं. त्यांनी सगळं शिकवल्याप्रमाणं केलं. ढवळ्यानं खाल्लं, त्यांनी सुई टोचली. थोड्या वेळानं त्यानं खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. मूत्रपिंडांच्या आजारात मळमळ असतेच, पण अन्न बाहेर गेलं आणि इन्सुलिन आतच राहिलं, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी फरशी पुसली. बोळातून स्वयंपाकघरात येणारा ढवळ्या झिंगल्यासारखा चालत होता, ते त्यांनी पाहिलं. दारात आल्यावर तो कलंडला आणि त्याचे पाय हवेत पोहायला लागले.

त्यांनी फोन लावला.

"अहो, हा पडलाय. पाय मारतोय."

"ओकला का?"

"सगळं ओकला."

"प्रमिला, ऐक. मधाची बाटली घे. बोटाला मध लाव आणि हिरड्यांना चोळ. तोंडात ओतू नकोस, श्वासात जाईल. मी फोनवरच आहे."

त्या फरशीवर बसल्या. ढवळ्याचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ वर करून त्याच्या थंड हिरड्यांवर त्या मध चोळत राहिल्या. फोनमधून नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता, मागं कुणीतरी अक्षता वाटत होतं. मग पायांची हालचाल मंदावली. प्रमिलाताईंना वाटलं, गेला. आणि तेवढ्यात त्यांच्या बोटाला खरखरीत काहीतरी लागलं. ढवळ्या बोटावरचा मध चाटत होता. त्याचे डोळे त्यांच्यावर स्थिर झाले. एक आख्खं जनावर आपल्या मांडीवरून निघून गेलं आणि मधाच्या बोटावर परत आलं, हे त्या बघतच राहिल्या.

"काय झालं? प्रमिला?"

"चाटतोय," त्या म्हणाल्या. त्यांनी बोटाला पुन्हा मध लावला.

जयसिंगराव तशीच एसटी पकडून परत आले, आणि त्यानंतर त्यांनी सातारा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं ते म्हणाले, "हे अंदाजपंचे किती दिवस चालायचं? आज ना उद्या आमच्याच हातून जाईल हा."

गाठीवर किरणोपचार करायचे तर ढवळ्याला पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागली असती, आणि त्याच्या मूत्रपिंडांना ते झेपलं नसतं. डॉ. मुजावर यांनी स्कॅन बाजूला सारलं. मग त्यांनी खिशातून एक चपटी, पारदर्शक गोष्ट काढून टेबलावर ठेवली. चिंचोक्याएवढी असेल.

शिरवळच्या बाजूला एका संशोधन केंद्रात त्या आठवड्यातले काही दिवस काम करत. ही कुपी तिथली होती. माणसाच्या रक्तातल्या काही पेशी घ्यायच्या आणि त्यांना उलट्या वाटेनं न्यायचं, गर्भात पेशी जशा असतात तिथपर्यंत, जिथं कोण काय होणार हे अजून ठरलेलं नसतं. तिथून त्यांना पुन्हा पुढं आणायचं, पण या वेळी स्वादुपिंडात इन्सुलिन करणाऱ्या पेशी होण्याच्या वाटेनं. अशा काही लाख पेशी या कुपीत भरून कातडीखाली बसवायच्या. कुपीच्या भिंतीला इतकी बारीक छिद्रं की साखर आत जाते, इन्सुलिन बाहेर येतं, पण परक्या पेशींवर तुटून पडणारे शरीराचे शिपाई आत शिरू शकत नाहीत.

"साखर किती आहे ते पेशी स्वतः मोजतात आणि लागेल तेवढंच इन्सुलिन सोडतात," डॉक्टर म्हणाल्या. "लाट आली तर जास्त. ओसरली तर थांबतात. अंदाज करायला कुणी लागत नाही."

"पण माणसाच्या पेशी, आणि मांजराला चालतात?" प्रमिलाताईंनी विचारलं.

"इन्सुलिन म्हणजे एक्कावन्न मण्यांची माळ धरा, काकू. माणसाच्या आणि मांजराच्या माळेत फक्त चार मणी वेगळे आहेत. मांजराच्या पेशी अशा वाढवायला आम्हाला अजून नीट जमत नाही. माणसाच्या जमतात. दाता निरोगी असला की झालं."

जयसिंगरावांनी शर्टाची बाही वर केली. "माझं घ्या की मग."

"लगेच नाही काका, आधी तपासण्या असतात," डॉक्टर हसल्या. पण जयसिंगरावांनी बाही खाली केली नाही.

रक्त दिलं. पेशी तयार व्हायला काही महिने लागणार होते. तोवर सुया, मध, ताटल्या, सगळं पूर्वीसारखंच. आणि वैशाखात एका सकाळी, झाडांना पाणी घालता घालता, जयसिंगराव पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं होतं. शेजारी धावत आले तेव्हा पाइपातून पाणी वाहत होतं आणि ढवळ्या ओलं होऊ नये म्हणून पाय उचलत त्यांच्याभोवती फिरत होता.

त्याच संध्याकाळी, घर माणसांनी भरलेलं असताना, प्रमिलाताई उठल्या आणि त्यांनी ढवळ्याला इंजेक्शन दिलं. दुसरं कोण देणार होतं?

दिवसकार्य उरकल्यानंतर डॉ. मुजावर घरी आल्या. केतकी अजून नागपूरला परतली नव्हती. तिनंच चहा केला. डॉक्टरांनी कप हातात घेतला आणि तसाच ठेवला.

"काकू, कसं सांगू कळत नाही. काकांच्या पेशी तयार झाल्यात."

प्रमिलाताईंना आधी अर्थच लागला नाही. मग त्यांनी विचारलं, "जिवंत आहेत?"

"हो. चांगल्या आहेत."

केतकी ताडकन म्हणाली, "आई, नाही. पप्पांना आपण आत्ताच पोचवून आलोय. त्यांचं काही मांजराच्या अंगात घालायचं नाही. मला सहन होणार नाही ते."

"केतकी, संमतीपत्रावर सही त्यांचीच आहे," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण तुमची इच्छा नसेल तर आम्ही पुढं जाणार नाही."

प्रमिलाताईंनी ढवळ्याची रिकामी ताटली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मला बघायच्या आहेत."

दोघी मायलेकी विजेवर चालणाऱ्या एसटीनं शिरवळला गेल्या. केतकी सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत होती. केंद्रातल्या एका अंधाऱ्या, थंड खोलीत डॉक्टरांनी एक उथळ काचेची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि समोरचा पडदा सुरू केला. पडद्यावर फिकट गोल गोल पुंजके दिसले, धुक्यातल्या दगडांसारखे.

"पेशी जागी झाली की तिच्यात कॅल्शियम शिरतं. आम्ही असा रंग घातलाय की कॅल्शियम शिरलं की ती चमकते. आत्ता साखर नाही, म्हणून शांत आहेत. आता बघा." त्यांनी नळीतून एक थेंब सोडला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एका पुंजक्याच्या कडेला एक हिरवट ठिणगी उमटली, विझली, पुन्हा उमटली. शेजारची पेशी उजळली. तिच्या शेजारची. आणि मग एक लाट निघाली, त्या कडेपासून या कडेपर्यंत, उजेडाची. ती पोचायच्या आत दुसरी निघाली. सगळे पुंजके एका तालात उजळत आणि मंदावत राहिले, जणू दरीपलीकडच्या एखाद्या गावात दिवे एकदम लागतायत, एकदम मालवतायत, आणि पुन्हा लागतायत.

"त्या एकमेकींना सांगतात," डॉक्टर म्हणाल्या. "एकीला कळलं की सगळ्यांना कळतं."

प्रमिलाताई उभ्या होत्या त्या खुर्चीला धरून खाली बसल्या. ज्या माणसाला त्या स्वतः अग्नी देऊन आल्या होत्या, त्याच्या पेशींना कुणीतरी साखर दिल्यावर त्या उजळत होत्या. याला काय म्हणायचं, हे त्यांना कळेना. भीती वाटली नाही. गणपतीच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा गेलेल्या लहान मुलीसारखं त्यांना झालं, मोठ्यानं बोलू नये असं.

केतकीनं आधी पडद्याकडं पाठ केली होती. कधीतरी ती वळली होती. तिच्या गालांवर पाणी होतं. तरीही बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मला नकोच वाटतं, आई."

"त्यांनी बाही वर केली होती ती ढवळ्यासाठी," प्रमिलाताई म्हणाल्या. "मी ती खाली कशी करू?"

केतकी नागपूरला गेली. बरेच दिवस तिनं फक्त जेवलीस का, एवढंच विचारायला फोन केला.

कुपी बसवायला हलकी गुंगी पुरली. ढवळ्याच्या खांद्याच्या मागं, कातडीखाली, बोटाला लागेल न लागेल असा एक चपटा उंचवटा राहिला. कुपीच्या टोकाला एक बारीक संवेदक होता. तो साखर आणि पेशींची जाग, दोन्ही मोजून प्रमिलाताईंच्या फोनवर दोन रेघा काढायचा. पहिले काही दिवस रेघा वेड्यावाकड्या होत्या आणि इंजेक्शनंही चालू होती. हळूहळू डॉक्टरांनी ती कमी केली. मग बंद केली.

गाठीनं संप्रेरकाची लाट सोडली की साखरेची रेघ वर उचलायची, आणि खालची रेघ तिच्या मागोमाग उठून तिला धरून खाली आणायची. ढवळ्यानं ओकलं, तर खालची रेघ आपणहून झोपायची. प्रमिलाताई भाजी निवडता निवडता ते बघत बसायच्या. ज्या कामाला जयसिंगरावांनी आयुष्याची शेवटची वर्षं दिली, आणि जे त्यांच्या हाताला कधी नेमकं जमलं नाही, ते आता त्यांच्याच पेशी बिनबोभाट करत होत्या.

आणि एक गोष्ट आपोआप व्हायला लागली. स्वयंपाकघरात ढवळ्या पायांत आला की प्रमिलाताई म्हणायच्या, "अहो, सरका जरा." पहिल्यांदा तोंडून गेलं तेव्हा त्या एकट्याच हसल्या. पुढं सवय झाली. ढवळ्या पूर्वीसारखा अंगणात न झोपता जयसिंगरावांच्या खुर्चीत झोपायला लागला, तेव्हा त्यांनी खुर्चीवर धुतलेली चादर घातली. संध्याकाळी ऊन उतरायच्या वेळी, खायला देण्याच्या जरा आधीच, पेशींची रेघ रोज थोडी उठायची. जयसिंगरावांच्या चहाची ती वेळ होती. प्रमिलाताईंनी त्या वेळेला पुन्हा दोन कप चहा करायला सुरुवात केली.

एकदा व्हिडिओ कॉलवर केतकीनं ते ऐकलं. "आई, तू अहो कुणाला म्हणतेयस?"

प्रमिलाताईंनी सरळ सांगून टाकलं. चहाची वेळही सांगितली. केतकीनं कॉल आवरता घेतला. तिनं दुसऱ्या दिवशी डॉ. मुजावरांना फोन केला आणि त्या आठवड्यातच ती साताऱ्याला आली.

डॉक्टर घरी आल्या तेव्हा ढवळ्या खुर्चीत होता आणि तिथं दोन कप होते. त्यांनी दोन्ही पाहिलं. मग त्या प्रमिलाताईंच्या शेजारी बसल्या.

"काकू, या पेशींना काका माहीत नाहीत. त्यांना चहा माहीत नाही. आमच्याकडं बशीत होत्या तेव्हा त्यांना दिवसच नव्हता. प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं, पण बशीत ती सगळी घड्याळं आपापली चालतात, एकाचा एकाला मेळ नाही."

"मग ही संध्याकाळची रेघ?"

"ती ढवळ्याची आहे." डॉक्टरांनी फोनवर जुन्या रेघा काढून दाखवल्या. "बसवल्यावर पहिले दिवस बघा, काही ताल नाही. आता बघा. पहाट फुटायच्या आधी एक उठाव आणि सांजावताना एक. मांजराची शिकारीची वेळ आहे ती. अंगाची ऊब, रक्तातली संप्रेरकं, खाण्याच्या वेळा, या सगळ्यांतून शरीर पेशींना दिवस सांगतं. माणसाच्या पेशी मांजराच्या दिवसाला लागल्या आहेत. असं होईल की नाही याची आम्हाला खात्री नव्हती. मी हे केंद्रात दाखवलं तेव्हा सगळे उठून पडद्याजवळ आले."

प्रमिलाताईंचा चेहरा उतरला. त्या उठून आत गेल्या. केतकी त्यांच्या मागं जायला निघाली, पण डॉक्टरांनी तिला थांबवलं.

बाहेर सांजावलं होतं. ढवळ्या खुर्चीतून उतरला आणि कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसला. पेरूच्या झाडावर साळुंक्यांचा गलका चालला होता. ढवळ्याची आजारानं रुंद झालेली मान पुढं ताणली गेली, शेपटीचं टोक हललं. म्हातारा होता, कुठली शिकार करणार? पण त्याच्या अंगातलं काहीतरी त्या वेळेला जागं होत होतं, आणि टेबलावरच्या फोनवर रेघ उठत होती.

प्रमिलाताई आतून आल्या आणि दारात थांबल्या. एकदा ढवळ्याकडं, एकदा रेघेकडं त्यांनी पाहिलं. ज्या माणसाचा उभा जन्म धरणाच्या भोंग्यावर आणि पाण्याच्या पातळीवर गेला, जो कुणाच्या वेळेला स्वतःची वेळ कधी जुळवू शकला नाही, त्याच्या रक्तातून निघालेल्या पेशी आता साळुंक्या झाडावर परतायच्या वेळेला जाग्या होत होत्या. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या तिथं राहिल्या आणि शिकल्या.

"केतकी," त्या म्हणाल्या, "तुझे पप्पा नाहीत ते. मला कळतं गं." मग थोड्या वेळानं, "पण बघ ना काय आहे हे."

केतकी उठून त्यांच्या शेजारी उभी राहिली. अंधार पडेपर्यंत तिघी ढवळ्याकडं बघत होत्या.

त्यानंतर प्रमिलाताई ढवळ्याला ढवळ्याच म्हणायला लागल्या. चहा एक कप करायला लागल्या. सुयांची वेळ राहिली नव्हती, त्यामुळं शेजारणीकडं बोका सोपवून त्या पहिल्यांदाच नागपूरला जाऊन राहिल्या. तिथं तलावाकाठी बसून मायलेकींनी फोनवर साताऱ्यातल्या ढवळ्याची संध्याकाळ पाहिली.

दोन पावसाळे असे गेले. मग मूत्रपिंडांनी हात टेकले. ढवळ्यानं खाणं सोडलं. सलाइन देऊन काही दिवस निघाले. साखर शेवटपर्यंत नीट होती.

"पेशी अजून कितीतरी वर्षं काम करतील, काकू," डॉक्टर त्याला तपासून म्हणाल्या. "ढवळ्या नाही करू शकणार. आता त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात आहे."

केतकी आली. एका दुपारी, अंगणात, प्रमिलाताईंच्या मांडीवर डॉक्टरांनी त्याला शेवटचं इंजेक्शन दिलं. तो शांतपणे गेला. फोनवर साखरेची रेघ हळूहळू उतरत गेली, आणि तिच्याबरोबर पेशींचीही. जिथं गरज उरली नव्हती तिथं त्या थांबल्या, पण विझल्या नाहीत. तळाशी एक बारीकशी थरथर चालूच होती.

डॉक्टर थोड्या संकोचानं म्हणाल्या, "कुपी थोड्या वेळात काढली तर पेशी वाचतात. नाहीतर त्याच्याबरोबर जातील. तुम्ही म्हणाल तसं."

"त्याच्याबरोबरच जाऊ देत," केतकी म्हणाली. "दोघं एकत्र. पेरूखाली." जिनं एके काळी हे सगळं नको म्हटलं होतं, ती आता त्या बोक्यासाठी हे मागत होती.

प्रमिलाताईंनाही आधी तेच बरं वाटलं. पण त्यांनी विचारलं, "काढली तर कुणाला लागतील?"

"म्हसवडकडं एक मेंढपाळ आहेत, बिरा कोळेकर. त्यांच्या कुत्रीला मधुमेह झालाय, चांदी नाव. वर्षातला निम्मा काळ ते कळप घेऊन रानोमाळ हिंडतात. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. रानात फ्रिज कुठून आणणार? पाण्याच्या घड्यात ठेवून बघितलं त्यांनी, पण उन्हानं औषध खराब झालं. नजर जायला लागलीय तिची."

प्रमिलाताईंनी ढवळ्याच्या खांद्यामागं हात ठेवला. ऊब अजून होती. बोटाखाली तो चपटा उंचवटा लागला.

"केतकी, मी त्यांना धरणावर जाऊ नका म्हणून खूप भांडले होते," त्या म्हणाल्या. "प्रत्येक बदलीला. आता नाही भांडत. जाऊ दे त्यांना."

केतकीनं आईच्या हातावर हात ठेवला आणि मान डोलावली. डॉक्टरांनी कुपी काढली. ढवळ्याला पेरूखाली ठेवलं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला डॉक्टरांचा फोन आला. बिरांचा कळप म्हसवडच्या माळावर होता आणि त्यांनी भेटायला बोलावलं होतं. प्रमिलाताई आणि केतकी गेल्या. सडकेवरून उतरून बरंच आत चालावं लागलं. माळावर सुकलेलं गवत होतं आणि वाऱ्याला अडवायला काही नव्हतं. बिरांनी घोंगडी अंथरली, त्यांच्या पत्नीनं मेंढीच्या दुधाचा दाट चहा दिला.

"पयला झोपूनच असायची बघा," बिरा म्हणाले. "आता मेंढरं उठायच्या आदी उटती. डाक्टरीणबाई म्हनत्यात, तिच्या अंगातल्या पेशींनाबी आता तीच येळ लागलीया."

"पहाटेची?" प्रमिलाताईंनी विचारलं.

"व्हय. कळप हलायच्या जरा आदी."

तेवढ्यात चांदी आली. करड्या रंगाची, उंच पायांची, एका डोळ्यात किंचित धुकं असलेली कुत्री. ती प्रमिलाताईंसमोर चार हातांवर थांबली, मानेवरचे केस उभे करून त्यांच्यावर भुंकली. बिरांनी दटावलं तरी भुंकत राहिली. प्रमिलाताईंना हसू आलं. तिला ओळख असायचं काहीच कारण नव्हतं. ती आपलं काम करत होती.

पलीकडं दोन मेंढरं कळपापासून फुटली. चांदीचे कान वळले. परक्या बाईला तिथंच सोडून ती निघाली, आधी चालत, मग झेपा टाकत, आणि मग पोट जमिनीला लागेल अशी सपाट धावत, आख्ख्या कळपाला वळसा घालून.

"आई, रेघ बघायची? डॉक्टरांनी लिंक पाठवलीय," केतकी म्हणाली.

"नको," प्रमिलाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे चांदीवर होते.

फुटलेली मेंढरं वळली. कळप टेकाडावर चढला आणि पलीकडं उतरला. सगळ्यात मागून चांदी गेली आणि तिच्या मागं धुळीचा एक लोट उन्हात उभा राहिला. तो खाली बसेपर्यंत दोघी तिथं उभ्या होत्या.